मे महिन्यातलं लग्न, सावळी नवरी आणि माझी तयारी

ऑफिसमधल्या लग्न ठरलेल्या मैत्रिणी सारख्या विचारतायत की तू काय काय केलंस, कधीपासून केलंस, पॅकेज घेतलंस का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते. माझं लग्न मे महिन्यात झालं, सांगलीला, आणि मे मधली सांगली म्हणजे काय ते तिकडच्यांना सांगायला नको, दुपारी पंख्याचं वारंसुद्धा गरम लागतं. नोकरी पुण्यात, लग्न गावाकडे, आणि रंगाने मी सावळी. माझी सगळी तयारी यावरच ठरली, आणि माझी अट एकच होती, की फोटोत जी नवरी दिसेल ती मीच दिसले पाहिजे, माझ्याच रंगाची.

पहिल्यांदा पॅकेजचं सांगते. पुण्यात दोन-तीन पार्लरमध्ये प्री-ब्रायडलचे रेट विचारले, पंधरा-अठरा हजारांपासून सुरुवात, आणि त्यात फेशियल, ब्लीच, बॉडी पॉलिशिंग, हेअर स्पा असं बरंच काही, पण यादीतल्या दर दुसऱ्या गोष्टीच्या पुढे ब्राइटनिंग नाहीतर व्हाइटनिंग लिहिलेलं. मी म्हटलं मला उजळायचंच नाहीये, मला फक्त हनुवटीवरचे पिंपल्स आणि त्यांचे डाग कमी करायचेत, तर हे पैसे कशाला घालू? त्यापेक्षा सरळ स्किनच्या डॉक्टरकडे गेले, आणि लग्नाला सहाएक महिने बाकी असताना गेले हे फार बरं झालं. कारण मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं की त्वचेचा वरचा थर नवा व्हायलाच साधारण चार आठवडे लागतात, पिंपल्सच्या औषधाचा खरा फरक दिसायला दोन-तीन महिने जातात, आणि सुरुवातीला तर पिंपल्स वाढल्यासारखे पण वाटतात, त्यामुळे लग्नाच्या महिनाभर आधी येऊन डॉक्टर काहीतरी करा म्हटलं तर कोणाच्याच हातात काही नसतं. रात्री वाटाण्याएवढं अडापॅलिन म्हणजे पिंपल्सचं क्रीम, सकाळी सनस्क्रीन, साधं मॉइश्चरायझर, संपलं. केस गळत होते तर शॅम्पू बदलायच्या ऐवजी रक्त तपासायला लावलं, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी ट्वेल्व्ह, व्हिटॅमिन डी, थायरॉइड. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तो कमी निघाला, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. अंगावरचे केस काढायच्या लेझरचं पण विचारलं होतं, पण त्याला सहा-आठ सिटिंग लागतात आणि प्रत्येकीत चार ते सहा आठवड्यांचा गॅप, ते बसतच नव्हतं म्हणून साधं वॅक्सिंगच ठेवलं.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. साखरपुडा झाल्यावर आत्याने एक ट्यूब आणून दिली. शेजारच्या पोरीने लग्नाआधी लावलेली, आठ दिवसांत चेहरा असा उजळला म्हणे, मेडिकलमध्ये सहज मिळते, रोज रात्री लाव. "अगं नवरीने जरा उजळ दिसायला नको का?" आत्याचा जीव आहे माझ्यावर, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरातलं वाचलं तर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टर मॅडमना फोटो पाठवला तर त्या म्हणाल्या हे वांगासाठी आम्ही देतो, पण मोजके आठवडे आणि लक्ष ठेवून. आपलं आपण महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, चेहरा लाल पडतो, उन्हात आग होते, लव वाढते, आणि बंद केलं की पिंपल्स डबल होऊन येतात म्हणून बाई परत तेच लावायला लागते. २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड क्रीम्स शेड्यूल एच मध्ये टाकलीयेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, तरी काउंटरवर नाव सांगितलं की मिळतात. मी आत्याला शेजारी बसवून एकेक नाव वाचून दाखवलं, काय होतं ते सांगितलं, आणि म्हटलं आत्या, मी आहे तशी त्यांनी पसंत केलीये ना? ती गप्प झाली, मग म्हणाली तसं असेल तर नको बाई, आणि ट्यूब स्वतःच कचऱ्यात टाकली. प्लीज, तुमच्या घरात अशी ट्यूब आली तर आधी मागचं वाचा.

मेकअप ट्रायल. ट्रायल फुकट नसते, पण पैसे देऊन कराच. पहिल्या ठिकाणी मी खुर्चीतून उठून सरळ बाहेर रस्त्यावर उन्हात गेले आणि मोबाईलमध्ये चेहरा बघितला. आत दिव्याखाली छान वाटत होतं, उन्हात चेहरा राखाडी. सावळ्या रंगावर दोन शेड वरचं फाउंडेशन लावलं की गोरं दिसत नाहीच, राख फासल्यासारखं दिसतं, आणि जबड्याखाली सरळ रेघ, वर एक बाई आणि खाली दुसरी. मी म्हटलं ताई, माझ्या गळ्याला मॅच होईल असं लावा ना, तर त्या म्हणाल्या शालू लाल आहे, तुमच्या शेडने फोटोत काळपट याल. तिथेच मी ठरवलं की इथे नाही. दुसऱ्या ठिकाणच्या ताईंनी आल्या आल्या हनुवटीच्या कडेला तीन रेघा ओढल्या, मला खिडकीशी नेलं, जी रेघ दिसेनाशी झाली ती माझी शेड, आणि ती पण एका बाटलीतली नव्हती, दोन मिसळून केलेली. डोळ्याखाली आधी केशरी करेक्टर, मग बेस. हिरव्या चुड्याचा हात चेहऱ्याजवळ धरून बघितला, कारण लग्नात हात सारखे फोटोत येतात आणि हात एका रंगाचे नि चेहरा दुसऱ्या रंगाचा झाला की तेच डोळ्यात भरतं. गालाला बेबी पिंक नाही, विटकरी. ओठाला मरून. मेकअप पूर्ण झाल्यावर आई बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "ही आपलीच आहे हां!" तिथेच अॅडव्हान्स दिला.

त्या ताईंनी अजून एक सांगितलं, की झिंक किंवा टायटॅनियमवालं जास्त एसपीएफचं सनस्क्रीन मेकअपखाली असेल तर फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढरा फटक येतो, म्हणून ट्रायल करून घरी आल्यावर कोणालातरी फ्लॅश मारून एक फोटो काढायला सांगा.

आता दिवसांचं गणित. हे मी लग्नाच्या तारखेपासून उलटं मांडलं आणि कागदावर लिहून कपाटाला चिकटवलं. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद, म्हणून मेंदी त्याच्याही आदल्या दिवशी, कारण खरी मेंदी आधी केशरी दिसते आणि २४ ते ४८ तासांत गडद होत जाते, म्हणजे बरोबर लग्नादिवशी रंग चढलेला असतो. मेंदीच्या आधी वॅक्स झालेलं पाहिजे, मेंदीवरून वॅक्स केलं तर रंग जातो, आणि वॅक्स नि हळद एका दिवशी तर अजिबातच नको, ताज्या वॅक्सवर हळद भयंकर झोंबते. म्हणून वॅक्स, आयब्रो सगळं लग्नाच्या तीन दिवस आधी. अडापॅलिन त्याच्या आठवडाभर आधी बंद, नाहीतर वॅक्सबरोबर वरच्या ओठाची कातडी निघून येते. फेशियल आठ दिवस आधी, आणि तेच जे मी आधी करून बघितलं होतं, ऐनवेळी नवीन काही नाही. केस रंगवणार असाल तर ४८ तासांची पॅच टेस्ट करा. आणि काळीभोर मेंदी म्हणून जे कोन विकतात ना त्यात केसाच्या डायमधलं पीपीडी असतं, त्याने हातावर फोड आलेले मी बघितलेत, मेंदी कधीच काळी नसते.

पाळीचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. माझी तारीख नेमकी लग्नाच्या आसपास येत होती आणि घरात देवक, गौरीहर, सगळंच. काकू म्हणाली मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी आण. मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन विचारून घेतली, ती पाळीच्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करतात, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल तर देत नाहीत, आणि कोणाकोणाला त्याने पोट फुगतं, पिंपल्स येतात. तुम्हाला वाटत असेल तरच घ्या, कोणी म्हणतंय म्हणून नको.

हळद तर आमच्या गावची शान आहे, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. पण अंगाला लावायला आईने दुकानातली पावडर आणलीच नाही, राजापुरी हळकुंडं आणून घरी कुटली, कारण बाहेरच्या पावडरीत रंग मिसळलेला असला तर तोच अंगाला बसतो. त्यात आंबेहळद, साय आणि थोडं खोबरेल. लिंबू घालायला एक काकू निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं, लिंबाचा रस अंगावर राहून ऊन लागलं तर चट्टे उठतात. नवरदेवाकडून उष्टी हळद आली, सुवासिनींनी आंब्याच्या पानांनी लावली, पार डोळे-कान सोडून सगळीकडे! मेकअपच्या ताईंना आधीच विचारून ठेवलं होतं की पिवळेपणा कसा घालवायचा. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून साबण घासत बसायचं नाही, आधी तेल चोळून पुसून काढायचं, मग बेसन, मग कोमट पाणी. त्यातून जी सोनेरी झाक राहिली ती मला ठेवायचीच होती, ताईंनी सकाळी बेस त्याच्यावरच जुळवला. मेंदीवर पण तेलच, कासारमामा चुडा भरायला आले तेव्हा हाताला साबण लावायला लागले तर आजीने तेलाची वाटी पुढे केली.

केस हळदीच्या संध्याकाळी धुतले, कंडिशनर न लावता. स्मूदनिंग मी मुद्दाम केलं नव्हतं, फार गुळगुळीत केसांत खोपा टिकत नाही, पिना सटकतात.

लग्नादिवशी सहाला खुर्चीत बसले. मामाकडची अष्टपुत्री नेसून गौरीहर, मग शालू. मेकअप घामाने जातो हे सगळ्यांना माहीत असतं, पण पहिला कुठून जातो तर मुंडावळ्यांखालून, कानशिलापाशी, तिथे दोरा घासतो आणि घाम साठतो. ताईंनी मुंडावळ्या बांधायच्या आधी तिथे पावडर जास्त दाबली आणि करवलीच्या हातात टिश्यू दिले, पुसायचं नाही, नुसतं टेकवायचं. होमाच्या धुराने डोळ्यांतून पाणी येणारच होतं, वॉटरप्रूफ काजळामुळे निभावलं. प्रेसची नथ घामाने घसरते, तर ताईंनी नाकाचा तेवढा भाग कोरडा ठेवला, तिथे बेस लावलाच नाही. अक्षता खोप्यातून रात्रीपर्यंत निघत होत्या. फोटोत माझा चेहरा, गळा आणि हात एका रंगाचे आलेत, आणि आत्याने त्यातलाच एक मोठा करून हॉलमध्ये लावलाय.

आता मावसबहिणीचं लग्न मार्गशीर्षात, नाशिकला. थंडीत तिला घामाचा प्रश्न नाही, पण कातडी कोरडी पडून बेसला भेगा जातात, म्हणून तिच्याकडे पावडर कमी आणि मॉइश्चरायझर जास्त, बाकी दिवसांचं गणित तेच ठेवलंय. तिची ट्रायल पुढच्या आठवड्यात आहे, मी बरोबर जाणार आहे, आणि वेळ आम्ही मुद्दाम दुपारची घेतलीये, म्हणजे बाहेर उन्हात जाऊन बघता येईल.