बी कुठलं, ते आधी विचारा

झाड लावताना जात कुठली ते सगळे बघतात, पण बी कुठल्या भागातून आलंय हे फारसं कुणी विचारत नाही आणि मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. स्वीडनमधल्या अस्पेन या झाडाचंच घ्या. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची रोपं एकाच शेतात शेजारी शेजारी लावली, तीच माती, तेच पाणी, तरी उत्तरेकडची रोपं आधी वाढ थांबवतात. शेंड्याला नवीन पानं यायची बंद होतात, तिथे खवल्यांची घट्ट कळी बसते आणि पुढच्या वर्षीची इवली पानं आत मिटून असतात. हे थंडी पडल्यावर होत नाही बरं का, कितीतरी आधी होतं, कारण रात्र किती लांबली हे झाडाची पानं ओळखतात. दक्षिणेचं रोप उत्तरेत लावलं की ते निवांत वाढत बसतं आणि कोवळा शेंडा थंडीत करपतो.

2018 मध्ये या अस्पेनचे जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, तपासले तेव्हा या फरकाचा मोठा भाग एफटी2 नावाच्या एकाच जीनच्या (जनुकाच्या) आसपास सापडला. पण असं सोपं गणित क्वचितच असतं, बहुतेक गुणांमागे शेकडो जीन असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. 2016 मध्ये लॉजपोल पाइन आणि स्प्रूस या दोन सूचिपर्णी झाडांची तुलना झाली, दोघांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालेले, तरी हवामानाशी जुळवून घेताना दोघांनी वापरलेले 47 जीन तेच निघाले!

वाऱ्याने पराग लांब लांब जातात, मग सगळी सरमिसळ का नाही होत? तर हजारो रोपं उगवतात आणि ज्यांचं वेळापत्रक चुकतं ती बहुतेक लहानपणीच मरतात, दर पिढीत हेच.

आणि नॉर्वेतल्या स्प्रूसची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. उत्तरेकडच्या झाडांच्या फांद्या कलम करून दक्षिणेच्या उबदार बागेत वाढवल्या, त्यांच्या बियांपासून आलेली रोपं दक्षिणेच्या झाडांसारखी उशिरा कळी धरायला लागली. डीएनएची अक्षरं तीच. बी तयार होताना आजूबाजूला किती ऊब होती, हे आतल्या गर्भाने लक्षात ठेवलं आणि ती आठवण रोपात वर्षानुवर्षं टिकली. म्हणून म्हणते, बियांच्या पाकिटावर गावासोबत ते कुठल्या साली पिकलं हेही लिहायला हवं.