आमची वाटचाल : साइटवरचा प्रश्न कागदावर आला तेव्हा

फोंड्यात चिऱ्याची घरे बांधत होतो तोवर सगळे प्रश्न तोंडी सुटायचे. मालक, आर्किटेक्ट, मुकादम एकाच अंगणात उभे असत. पुढे किनाऱ्याकडची हॉटेलांची आणि फ्लॅटची कामे मिळू लागली. आर्किटेक्ट पणजीत, स्ट्रक्चरल कन्सल्टंट मुंबईत, आणि ड्रॉइंगची नवी रिव्हिजन येतच राहायची. अशा कामात फोनवर विचारलेल्या प्रश्नाला कोणीच वाली नसतो.

म्हणून आम्ही आरएफआयची (रिक्वेस्ट फॉर इन्फर्मेशन, म्हणजे ड्रॉइंगबद्दल खुलासा मागणारा लेखी अर्ज) नोंद ठेवू लागलो. त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेलचा तक्ता पुरतो. एका अर्जात एकच प्रश्न, सोबत ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, ग्रिड (ड्रॉइंगवरची जागा दाखवणाऱ्या रेषांचे क्रमांक), फोटो आणि आमची सूचना. हा शेवटचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. मोरजीच्या किनाऱ्याकडच्या एका कामात सर्वसाधारण टिपांमध्ये कॉलमचे कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ३० मिमी होते, तपशिलाच्या ड्रॉइंगमध्ये ४५. आम्ही नुसते ‘कोणते धरू?’ असे विचारले नाही. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटची गणना ‘सिव्हिअर’ (तीव्र परिणामाच्या) वर्गात होते, तिथे कव्हर ४५ मिमी आणि आरसीसी किमान एम ३० ताकदीचे लागते. म्हणून ४५ धरतो, मान्य आहे का, असे लिहिले. कन्सल्टंटला फक्त होकार कळवायचा उरला.

उत्तर कधी हवे हे स्लॅबच्या तारखेवरून मागे मोजत ठरवतो : काँक्रीट, त्याआधी सळई बांधणी, त्याआधी कटिंग-बेंडिंग. ‘अर्जंट’ असे लिहीत नाही, कोणते काम अडेल ते लिहितो. फुटिंग आणि प्लिंथ (पाया आणि जोते) जूनच्या पावसाआधी उरकायचे असल्याने त्यांचे प्रश्न उन्हाळा चढण्याआधीच जातात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी राहिलेल्या प्रश्नांची यादी पुन्हा सगळ्यांना पाठवतो.

फोनवर मिळालेले उत्तर त्याच संध्याकाळी ईमेलवर जाते. खर्च वाढणार असेल तर त्याचे पत्र वेगळे. जादा पैशांचा दावा उभा करण्यासाठी आरएफआयचे ढीग लावणे मला पटत नाही. कन्सल्टंट मग मोघम उत्तरे देऊ लागतात आणि भोगतो तो साइट इंजिनिअर.

आता काम सुरू होण्याआधी सेंट्रिंगवाला (काँक्रीटचे साचे लावणारा), प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांना सोबत बसवून ड्रॉइंग वाचतो. बीममधून पाइप नेण्यासाठी स्लीव्ह (आरपार भोकासाठीची नळी) कुठे ठेवायची, हा प्रश्न बहुतेक वेळा प्लंबरच काढतो, आणि तोही शटरिंग लागण्याच्या कितीतरी आधी.