ताशा अडला, ढोल आत

डबिंगचा बूथ पुण्यात, नदीपात्राच्या जवळ; खोलीच्या आत सुटी खोली, अशी बांधणी. दुपारची चाचणी ठीक निघाली होती. संध्याकाळी पथकाचा सराव सुरू झाला आणि बूथमध्ये ढोल घुमायला लागला. सुताराने लगेच सीलंटची गन उचलली. मी त्याला थांबवलं, कारण ताशा अजिबात ऐकू येत नव्हता.

ताशाचा आवाज वरच्या पट्टीतला, तो बारीक फटीतूनही शिरतो. भिंतीचा एक टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी उरलेली भिंत कितीही जाड असो, अडवणूक 20 डेसिबलपाशी संपते. ताशा आला असता तर दाराचं रबर, एसीच्या पाइपाचं भोक, स्विचबोर्ड तपासले असते. नुसता ढोल येतोय म्हणजे खोट भिंतीच्या वजनात, दोन भिंतींमधल्या पोकळीत, नाहीतर आतली खोली बाहेरच्या बांधकामाला कुठेतरी टेकलीय.

वजन-पोकळीचा हिशेब बरोबर होता. बाहेर नऊ इंची विटांची भिंत, 100 मिमी पोकळीत रॉकवूल, आत 12.5 मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे चुकवून. अशा रचनेचा अनुनाद, म्हणजे ज्या पट्टीत ती स्वतःच थरथरते ती, 45 हर्ट्झच्या आसपास येतो. पैसे वाचवायला एकच बोर्ड आणि 25 मिमी पोकळी ठेवली की तो 130 च्या घरात चढतो, आणि त्या पट्टीत असली भिंत नुसत्या विटांच्या भिंतीपेक्षाही वाईट वागते.

राहिलं टेकणं. पिझो पिकअप (पृष्ठभागाची थरथर टिपणारा छोटा मायक्रोफोन) आतल्या भिंतीवर ठिकठिकाणी दाबून हेडफोनवर ऐकत गेलो. दाराच्या वरच्या कोपऱ्यात ठोका सगळ्यात ठळक. फॉल्स सीलिंग उघडलं तर आतल्या फ्रेमपासून आरसीसी बीमपर्यंत लोखंडी अँगल! दार आपटलं की फ्रेम हलते म्हणून कुणीतरी ठोकलेला. ड्रॉइंगमध्ये तो कुठेच नाही. शेजारून वायरिंगचा कडक पीव्हीसी पाइपही दोन्ही भिंतींत घट्ट बसवलेला.

अँगल कापून तिथे रबरी बुश असलेला आधार दिला. पाइपाचा मधला तुकडा काढून लवचीक नळी घातली, दोन्ही टोकांना न सुकणारं सीलंट. ढोल बराच खाली गेला, पण पुरता नाही. उरलेला खालून येतो, कारण बूथ थेट स्लॅबवर उभा आहे. तरंगती फरशी, म्हणजे लवचीक थरावर ठेवून स्लॅबपासून सुटी केलेली, घ्यायची तर उंची जाते आणि दार नव्याने बसवावं लागतं. बोलक्या आवाजासाठी 80 हर्ट्झच्या खाली कापणारा फिल्टर पुरतो, म्हणून मालकांनी फरशी सोडून दिली. गणपतीआधीच्या आठवड्यांत संध्याकाळी कुजबुजीचे संवाद मात्र तिथे लावत नाहीत.