कोलिवा हातात घेताना

सोमवारच्या वर्गात ती गप्पच होती. मूळची सांगलीकडची, अथेन्समध्ये एका आजींची देखभाल करते आणि संध्याकाळी माझ्याकडे ग्रीक शिकते. आदल्या दिवशी शेजारच्या काकांची चाळीस दिवसांची स्मरणप्रार्थना होती. चर्चबाहेर काकूंनी तिच्या हातात कागदी पुडी दिली. आत शिजवलेले गहू, पिठीसाखर, डाळिंबाचे दाणे, बदाम. तिला वाटलं प्रसाद. हसून म्हणाली, "ख्रोनिया पोला!"

शब्दशः अर्थ 'पुष्कळ वर्षं'. वाढदिवस, नामदिन (आपलं नाव ज्या संतावरून, त्याचा दिवस), नाताळ, ईस्टर, सगळीकडे चालतं. तेराव्याला मात्र नाही.

पुडीतला पदार्थ म्हणजे कोलिवा. तो दिसतो सणाचा, म्हणूनच नवखा माणूस फसतो. गहू फुटेपर्यंत शिजवायचे, पण लगदा होऊ द्यायचा नाही. मग निथळून रात्रभर कापडावर पसरायचे. इथे घाई केली की ओल राहते, वरची साखर विरघळते आणि गहू आंबतात. बेदाणे, अक्रोड, डाळिंब, दालचिनी, चिरलेली पार्सली मिसळून ढीग रचायचा. त्यावर भाजलेल्या पिठाचा किंवा पावाच्या चुऱ्याचा थर, तो ओल शोषतो. मग पिठीसाखर, कागदाने दाबून गुळगुळीत केलेली, आणि वर चंदेरी गोळ्यांचा क्रूस.

पुडी घेताना म्हणायचं, 'थेओस स्खोरेस तोन', देव त्यांना क्षमा करो. घरच्यांना 'झोई से सास', तुम्हांला आयुष्य लाभो. किंवा 'ना झीसेते ना तोन थिमास्ते', जगा आणि त्यांची आठवण ठेवा. यातलं नुसतं 'ना झीसेते' नवरा-नवरीला म्हणतात!

आमच्या पुस्तकात शुभेच्छांचा तक्ता आहे: डावीकडे ग्रीक, उजवीकडे अर्थ. कधी म्हणायचं, हा रकानाच नाही. 'काली अनास्तासी', म्हणजे शुभ पुनरुत्थान, ईस्टरच्या आधी, शनिवारी मध्यरात्रीपर्यंतच. त्यानंतर 'ख्रिस्तोस अनेस्ती' (ख्रिस्त उठला), उत्तर 'अलिथोस अनेस्ती' (खरंच उठला), तेही पुढचे चाळीस दिवस. तक्त्यात या सगळ्या ओळी एकाखाली एक, सारख्याच. 'ख्रोनिया पोला कुठेही चालतं' असं मीही वर्गात सांगून बसले होते.

"ताई, माफी मागायला जाऊ का?"

"काकू काय म्हणाल्या?"

"'झोई से मास' म्हणाल्या. हात दाबला माझा."

म्हणजे 'आपल्याला आयुष्य लाभो'. तिच्या 'पुष्कळ वर्षां'ना काकूंनी त्या घडीला शोभेल असं उत्तर दिलं होतं. मी म्हटलं, माफी नको. सहा महिन्यांच्या प्रार्थनेला जा आणि पुडी घेताना बरोबर वाक्य म्हण. तिने ते वहीत तीनदा लिहून घेतलं. माफी नको म्हणाले ते बरोबर होतं का, याचा विचार अजून चालूच आहे.