१६८ तास, आणि त्या २५ मैलांचा घोळ

माझ्याकडे प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आहे; कमर्शियलसाठी उड्डाणाचे २५० तास लागतात, माझे झालेत १६८. मागच्या अपडेटमध्ये छाती फुगवून लिहिलं होतं, 'सापडली पळवाट, या सीझनपासून जंपर (पॅराशूटने उडी मारणारे) वर नेणार!' ते शब्द परत घेतो. वाचण्यात घोळ माझाच झाला.

विमान जिथून उडालं त्या विमानतळापासून २५ स्टॅच्युट मैलांच्या आत, मध्ये कुठे न उतरता, जंपर सोडायला केलेल्या उड्डाणाला अमेरिकेच्या हवाई नियमांतला पार्ट ११९ लागू नाही, असं त्यातलंच कलम ११९.१ म्हणतं. मी त्यातून 'कमर्शियल लायसन्स लागत नाही' असं काढलं! ती सूट ऑपरेटरच्या सर्टिफिकेटपुरती. पायलटचं पार्ट ६१ बघतो, आणि तिथला ६१.११३ जागचा हललेला नाही: प्रायव्हेटवर मोबदल्यासाठी उडवायचं नाही.

मग पैसेच नको घ्यायला? ड्रॉपझोनचा (उड्या मारायच्या जागेचा) मालकही म्हणाला, "पगार नाही, तास घे." पण एफएएच्या (अमेरिकेच्या हवाई नियामकाच्या) लेखी फुकटचे तास हाच मोबदला. बरं, खर्च वाटून घेऊ: चार जंपर आणि मी, इंधन-तेल-भाड्याचा पाचवा हिस्सा माझा. इथे 'समान हेतू' आडवा येतो: खर्च वाटणाऱ्या सगळ्यांचा जाण्यामागचा हेतू एकच हवा. त्यांना उडी मारायचीय, मला तास भरायचेत. (मीही उडी मारली तर हेतू जुळेल, पण मग विमान कोण उतरवणार?) उरलं एकच, सगळा खर्च माझा. सेसना १८२ विमान दहा हजार फुटांवर चढवून एव्हगॅसचं (विमानाच्या पेट्रोलचं) बिल बघा, मैत्री तिथेच आटते.

तेव्हा मुकाट्याने २५० तास. बाकी ८२.

पॉवर-ऑफ १८० (इंजिन आयडलवर ठेवून, १८० अंश वळून उतरणं) मात्र जमायला लागलं! ठरवलेल्या बिंदूच्या पुढे २०० फुटांत टेकायचं, अलीकडे फूटभरही चालत नाही. शनिवारी सलग तीन बसली. चौथ्याबद्दल विचारू नका.

लॉगबुक ॲपला कंटाळलोय. एकूण तास ठळक, आणि कमर्शियलला लागणाऱ्या पीआयसी (मुख्य पायलट म्हणून) क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणांच्या, ५० तासांपैकी किती झाले ते तीन मेन्यूंच्या तळाशी. कागदी वही परत काढली.

कमर्शियलसाठीच्याच ३०० नॉटिकल मैलांच्या सोलोला (एकट्याने करायच्या उड्डाणाला) सकाळी निघणार होतो. हे लिहिता लिहिता सुचलं, २५० मैलांवरचा थांबा कंट्रोल टॉवरवाला निवडून दुपारी उशिरा निघालो, तर तिथे पोहोचेपर्यंत अंधार पडेल आणि टॉवर असलेल्या विमानतळावर रात्री करायच्या दहा टेकऑफ-लँडिंगपैकी काही तिथेच उरकतील. मुक्काम मग तिकडेच. आखलेला मार्ग खोडून आज पुन्हा बसतो.