नेट नव्हतं, तरी घड्याळ लागलं

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडं जाताना. आषाढात पाऊस एकदा लागला की चार-चार दिवस उसंत नसते. झाडं तारांवर पडतात, वीज जाते आणि मागोमाग मोबाईलची रेंजही जाते. गेल्या पावसात असंच झालं. माझ्या जुन्या लॅपटॉपमधला बटण-सेल केव्हाच संपलाय, त्यामुळं मशीन चालू केलं की तारीख कुठलीतरी जुनीच दिसते. एरवी नेट लागताच घड्याळ आपोआप जुळायचं, म्हणून मी कधी त्याकडं लक्ष दिलं नव्हतं.

मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला. एफटी-८ या पद्धतीत रेडिओवरचे छोटे संदेश कॉम्प्युटर उलगडून अक्षरांत दाखवतो आणि अगदी क्षीण सिग्नलवरही संपर्क होतो, पण ती १५-१५ सेकंदांच्या पाळ्यांनी चालते. दोन्हीकडची घड्याळं दीड-दोन सेकंदांहून जास्त चुकली की संपलं. स्क्रीनवर सिग्नलचे पट्टे सरकताना दिसत होते आणि एक अक्षर उमटत नव्हतं. मोबाईलही मध्ये पूर्ण बंद पडून पुन्हा चालू केलेला, त्याच्या सेकंदांवर माझा भरवसा नव्हता.

मार्ग आप्पांनी सुचवला. कंदिलाची काच पुसता पुसता म्हणाले, "आम्ही सांगली केंद्राच्या पिप-पिपवर घड्याळ लावत होतो की रे. तुझ्याकडं एवढे रेडिओ आहेत, त्यातल्या एकावर काही लागत नाही?"

लागतं. फक्त वेळ सांगण्यासाठी चालणारी स्टेशनं शॉर्टवेव्हवर आहेत. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं एटीए हे त्यातलंच एक होतं, ते बंद झालं याची मला आजही हळहळ वाटते. अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही प्रसिद्ध आहे, पण ते पार कोलोरॅडोत. मॉस्कोचं आरडब्ल्यूएम ९९९६ किलोहर्ट्झवर येतं. मात्र त्यात नुसती वाहक लहर असते, तिच्यावर आवाज चढवलेला नसतो, त्यामुळं रेडिओ एसएसबी या खास पद्धतीवर टाकल्याशिवाय शिट्टी ऐकू येत नाही. आपल्याकडं भरवशाचं म्हणजे चीनचं बीपीएम. शेन्शी प्रांतात पुचंग इथून ते ५ आणि १० मेगाहर्ट्झवर चोवीस तास चालू असतं.

परसातल्या फणसापासून माळ्याच्या खिडकीपर्यंत पंधराएक मीटर तार ओढलेली होतीच. रात्री नऊच्या सुमाराला १० मेगाहर्ट्झ लावलं. एरवी या बँडवर एलईडी दिवे आणि चार्जर यांची इतकी खरखर असते की ऐकवत नाही. त्या रात्री गावभर वीज नव्हती, लॅपटॉप बॅटरीवर, रेडिओ सेलवर. खरखर जवळजवळ नाहीच, आणि त्या शांततेत टक्, टक्, टक्, ऐन पावसात घड्याळजीच्या दुकानात उभं राहिल्यासारखं. मी हेडफोन आप्पांच्या कानाला लावले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पहिला प्रयत्न कानानं. बीपीएमचा सेकंदाचा ठोका १० मिलिसेकंदांचा असतो, मिनिटाचा ३०० मिलिसेकंदांचा, म्हणजे मिनिट भरलं की ठोका चांगला लांब ऐकू येतो. कोणतं मिनिट ते आप्पांच्या एचएमटीवरून घेतलं. वेळेची कमांड लिहून ठेवली, शेवटचे दहा ठोके बोटानं ताल धरला आणि लांब ठोक्यावर एंटर दाबलं. आवाज ऐकून मग बोट उचललं तर उशीर होतो, तालात राहून दाबलं तर बोट बरोबर पडतं. भजनात टाळ वाजवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. लगेच एफटी-८ उलगडू लागलं. काम खरं तर तिथंच झालं होतं.

पण घड्याळ नक्की किती चुकतंय, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

लॅपटॉप जुना असल्याचा इथं फायदा झाला, त्याला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट आहे. दर सेकंदाला त्याची ४ नंबरची पिन, म्हणजे डीटीआर, उठवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. ते व्होल्टेज साउंड कार्डाला झेपणारं नाही, म्हणून १०० किलोओहम आणि १ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून उतरवलं. यूएसबी साउंड कार्डाच्या डाव्या चॅनलला रेडिओ, उजव्याला ही पिन. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेऊन रेकॉर्ड केलं की ४८ नमुने म्हणजे एक मिलिसेकंद. दोन्ही आवाज एकाच कार्डातून जातात, त्यामुळं कार्डाच्या आतला उशीर दोघांना सारखाच. खालच्या पट्टीत कॉम्प्युटरच्या सेकंदाचा टोकदार काटा उभा, वरच्या पट्टीत खरखरीतून डोकं वर काढणाऱ्या बीपीएमच्या दहा लहरी. मधलं अंतर मोजायचं, बस्स.

पहिल्याच रेकॉर्डिंगला फसलो. ठोके मध्येच लांब झाले आणि थोडे सरकलेही. मला वाटलं, प्रोग्राममध्ये चूक आहे. तासभर तीच शोधत बसलो. चूक नव्हती. २५ ते २९ आणि ५५ ते ५९ या मिनिटांत बीपीएम यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ, देत नाही, पृथ्वीच्या फिरण्यावरून ठरणारी यूटी-१ वेळ देतं आणि तिचे ठोके १०० मिलिसेकंदांचे असतात. मोजायचं ते तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत, नाहीतर १५ ते २५ मध्ये. हेच वेळापत्रक दर अर्ध्या तासानं पुन्हा येतं. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढं, त्यामुळं आपल्या घड्याळातली मिनिटंही जशीच्या तशी चालतात.

आता वाटेचा हिशेब. बेळगाव ते पुचंग सरळ अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर. लहर आयनावरणावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटत येते, म्हणून वाट थोडी लांबते. १४ मिलिसेकंद धरले. ठोका माझ्या काट्यानंतर १४ मिलिसेकंदांनी यावा असं घड्याळ लावलं. दुसऱ्या रात्री त्याच वेळी पाहिलं तर चोवीस तासांत घड्याळ १.९ सेकंद मागं पडलेलं, म्हणजे दहा लाखात २२. घड्याळाच्या क्वार्ट्झ स्फटिकाचा हा स्वभावच. अ‍ॅडजटाइमेक्स या घड्याळाची गती बदलणाऱ्या कमांडनं तेवढी गती वाढवली आणि घड्याळ पुन्हा जुळवलं.

चौथ्या दिवशी रेंज आली. रात्री बीपीएमवर पुन्हा जुळवून लगेच राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या नेटवरून वेळ देणाऱ्या सर्व्हरशी ताडून बघितलं. माझं घड्याळ १९ मिलिसेकंद पुढं. मोबाईल नेटची हेलकावणी म्हणून सोडून देता आलं असतं, पण दर वेळी फरक एकाच बाजूला आणि तेवढाच. शेवटी बीपीएमची माहिती मुळापासून वाचली: त्यांचे यूटीसीचे ठोके २० मिलिसेकंद आधी सोडलेले असतात. वीस आधी निघून चौदा वाटेत गेले, तर ते आमच्या गावात सेकंद भरायच्या सहा मिलिसेकंद आधी पोचणार. ठोका काट्याच्या उजवीकडं नाही, डावीकडं हवा, २८८ नमुने!

जीपीएसचा रिसीव्हर घेतला तर याहून नेमकी वेळ मिळते, हे मला माहीत आहे. तरी माळ्यावरची ती तार मी काढलेली नाही. काल रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी मोजलं. ठोका काट्याच्या ३३० नमुने आधी आला, म्हणजे घड्याळ मागं आहे, पण एका मिलिसेकंदाहून कमी.