स्वेटरच्या आतल्या जटा

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्याकडे पाणी प्यायला वेळ नसतो, पाहुणे यायच्या आत सगळ्यांना घर झाडून-पुसून आणि कुत्रा धुऊन हवा असतो, आणि मग भाऊबीज झाली, पहाटे गारठा पडायला लागला की फोन एकदम बंद. डिसेंबरात अख्खं पुणं सवाई गंधर्वच्या गप्पा मारत असतं आणि मी कोथरूडच्या माझ्या कुत्र्यांच्या ग्रूमिंगच्या, म्हणजे अंघोळ-विंचरणं-नखं कापण्याच्या दुकानात धुतलेल्या टॉवेलच्या परत घड्या घालत बसलेली असते. भाडं तेवढंच, मदतनीस मुलीचा पगार तेवढाच, आणि दिवसाला एक नाहीतर दोन कुत्रे.

पहिल्या हिवाळ्यात मी सगळे करतात तेच केलं, वीस टक्के डिस्काउंट, इन्स्टावर पोस्ट, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस. नवीन कोणीच आलं नाही. जे येणारच होते ते कमी पैशात येऊन गेले, बास. मला कळायला वेळ लागला की लोक पैशामुळे थांबलेलेच नव्हते, फोन केला की प्रत्येकजण एकच सांगायचं, "आत्ता नको गं, गारठेल तो." काळजीपोटी थांबलेल्या माणसाला डिस्काउंट देऊन काय उपयोग?

मग जानेवारीत एक काका आले, डहाणूकर कॉलनीतले, सत्तरीच्या पुढचे. कडेवर शिट्झू जातीची लांब केसांची छोटी कुत्री, तिच्या अंगात काकूंनी विणलेला मरून स्वेटर. दिवाळीनंतर अंघोळ नाही, विंचरणं पण वरवरचं, कारण स्वेटर काढला की ती थरथरते म्हणे. मी स्वेटर काढला तर काखेत, गळ्यापाशी, कानामागे, जिथे जिथे लोकर घासत होती तिथे केसांची एक सलग चटई झालेली, जुन्या गादीतला कापूस दाबून दाबून बसतो ना तशी. कातडी आणि जटा यांच्या मधे करंगळीचं टोक जाईना. अशा वेळी कात्री अजिबात लावायची नाही, ओढलेली कातडी जटेत वर आलेली असते आणि ती कापली जाते, म्हणून केस कापायच्या मशीनला दहा नंबरचं ब्लेड लावून कातडीला लागून हळूहळू काढत गेले, मधे मधे ब्लेड तापलंय का ते मनगटावर बघत. दीड तास लागला. खालची कातडी लालबुंद. काका पूर्णवेळ तिचं तोंड दोन्ही हातात धरून उभे होते, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "आम्ही तिला जपतच होतो गं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. माझं काम मी सगळ्यांना 'अंघोळ' म्हणून विकत होते, त्यामुळे अंघोळ बंद की माझ्याकडे येणंही बंद. खरं तर थंडीत अंघोळ लांबली तर फार काही बिघडत नाही, बिघडतं ते विंचरणं थांबल्याने.

म्हणून पुढच्या नोव्हेंबरपासून कोरडं ग्रूमिंग सुरू केलं. पाणी नाहीच. मुळापर्यंत ब्रश, मग बारीक कंगवा, नखं, कान, पंजाच्या गादीमधले केस, आणि गोचीड बघणं, कारण पुण्याची थंडी एवढी कडक नसते की गोचीड नाहीसे होतील. चाळीस मिनिटांत होतं, पैसे अंघोळीच्या निम्म्याहून कमी. मेसेजची पहिली ओळच अशी लिहिली, 'अंघोळ घालणार नाही, स्वेटरखालच्या जटा बघून देते.' आठवड्याभरात अकरा जण आले, त्यातले बरेचसे तेच, गारठेल म्हणणारे.

नखांचं तर मला आधी सुचलंच नव्हतं. उन्हाळ्यात पहाटे टेकडीवर जाणारी मंडळी थंडीत आठला उठतात, कुत्र्याचं फिरणं सोसायटीच्या एका चक्करवर येतं, नखं झिजत नाहीत. म्हातारे लॅब्रॅडॉर त्या गुळगुळीत टाइल्सवर घसरायला लागतात आणि घरच्यांना वाटतं थंडीमुळे पाय आखडलेत. कधी आखडलेले असतातही, तेव्हा मी डॉक्टरकडे पाठवते, पण नखं कापल्यावर नीट उभे राहिलेले किती तरी पाहिलेत. आता मंगळवारी दुकान बंद ठेवून मी सोसायट्यांमधे जाते, एका ठिकाणी चार-पाच कुत्रे जमले तरच, नाहीतर पेट्रोलमधेच जातं सगळं.

ज्यांना अंघोळ हवीच असते त्यांना सकाळी अकरा ते दुपारी साडेतीन एवढीच वेळ देते. संध्याकाळची अपॉइंटमेंट हातची सोडते, वाईट वाटतं पण सोडते. पाणी कोमट, कढत नाही, कारण कढत पाण्याने कातडी कोरडी पडून कोंडा होतो. आणि ब्लोअर मारून झाल्यावर मालकाचा हात घेऊन छातीखालचे केस बाजूला करून मुळाशी लावायला सांगते, गोल्डन किंवा जर्मन शेफर्ड वरून खडखडीत वाटतो आणि आतला बारीक केसांचा थर, म्हणजे अंडरकोट, ओला असतो, तोच ओलावा थंडी आणि वास दोन्हीचं कारण. एकदा स्वतःच्या बोटांनी बघितलं की भीती जाते, मला वेगळं काही पटवावं लागत नाही.

आणि टेबल रिकामं आहे म्हणून कोणाला 'दर आठवड्याला आणा' असं मी सांगत नाही. हस्कीचं टक्कल करून द्या म्हटलं तर तेही नाही, उन्हाळ्यातही नाही. तेवढ्या पैशासाठी त्या जिवाला त्रास द्यायचा नाही.

जाताना पुढची तारीख तिथेच लिहून देते, जटा होणाऱ्यांना तीन आठवडे, लॅबला सहा. आधी मी 'फोन करा' म्हणायचे आणि कोणी करायचं नाही. मधल्या रिकाम्या दुपारी ब्लेडना धार लावून आणायची, ब्लोअरचे फिल्टर धुवायचे, आणि मदतनीस मुलीला कात्रीचा हात शिकवायचा, दिवाळीच्या गर्दीत ते शक्यच नसतं. यंदा तिने दोन पूडल एकटीने केले.

संक्रांतीला काका आले होते, स्टीलच्या डब्यात तिळगूळ घेऊन, कडेवर ती. स्वेटर तोच मरून, पण काकूंनी बाह्या उसवून काढल्या होत्या आणि काखेपाशी आतून जुन्या साडीचं मऊ अस्तर लावलं होतं. मी बोट घालून बघितलं, केस सगळे मोकळे.